मुलं डाऊट मामांना विचारतात, सरांना नाही

चौथा बाक

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जरा लांबेल.

मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी इलेक्ट्रिकल शिकवतो. ११ वर्षं झाली. वर्गात ७० मुलं. निम्म्याहून जास्त दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, त्यातली बरीच डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. दर गुरुवारी ४ ते ५ माझा 'डाऊट अवर' असतो. टाइमटेबलावर छापलेला आहे, तपासणी समितीला दाखवतात. त्या तासात मी इतके पेपर तपासलेत की घरी एक गठ्ठा न्यायची वेळ आली नाही. येतंच कोणी नाही. वर्गात 'एनी डाऊट्स?' म्हटलं की ७० माना एकदम वहीत. याचा अर्थ दोनच: एक तर यांना सगळं समजलंय, नाहीतर यांना काही पडलेली नाही. स्टाफरूममध्ये आम्ही दुसरा धरून चालतो. सोयीचा आहे.

मागच्या महिन्यात लॅबमध्ये दोन वॉटमीटरचं (पॉवर मोजायच्या मीटरचं) प्रॅक्टिकल चालू होतं. मी पॅनेलच्या मागे फ्यूजची तार शोधत होतो, त्यामुळे मुलांना दिसत नव्हतो. एक पोरगा लॅब असिस्टंटला विचारत होता. आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणतो.

"मामा, ह्याचा काटा उलटा का पळायलाय?"

"प्रेशर कॉइलची टोकं बदल, होतंय सरळ."

"बदलली ना. पण मग मोटरवर लोड टाकला तर परत उलटा पळाला, म्हणून टोकं पहिल्यासारखी केली. पॉवर कमी असली तर कमी दाखवावी, उलटी कशी काय दाखवतंय?"

"ते सरांना विचार."

"सरांना इंग्लिशमधून कसं विचारू?"

इलेक्ट्रिकलवाल्यांना कळलं असेल मी का थबकलो. बाकीच्यांसाठी: मोटर रिकामी फिरते तेव्हा पॉवर फॅक्टर (करंट व्होल्टेजच्या किती मागे पडतो त्यावर ठरणारा आकडा) ०.५ च्या खाली जातो आणि दोनातलं एक मीटर उलटं दाखवायला लागतं. बरोबर ०.५ ला ते शून्यावर असतं. ओरलला एक्स्टर्नल हेच विचारतात आणि मुलं जर्नलमधलं वाक्य म्हणून दाखवतात. या पोराने वाक्य पाठ केलं नव्हतं. तो काट्याच्या मागे लागून स्वतःच प्रश्नापर्यंत आला होता, आणि तिथून परत गेला.

मला जास्त लागलं ते पुढचं. त्याचं गाव माझ्या गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे. घरी मीही 'काय करायलास' असंच बोलतो. पण त्याच्या लेखी मी 'इंग्लिशमधून विचारायचा' माणूस.

मामांना नंतर विचारलं. म्हणाले, "सर, रोज विचारतात. मला जमेल तेवढं सांगतो, बाकीचं राहतं." म्हणजे ११ वर्षं माझ्या विषयातले डाऊट दहावी शिकलेला माणूस घेतोय.

तुमचे अनुभव लिहा. प्रश्न मनात होता आणि विचारला नाही, असं भाषेमुळे झालंय का? आणि कधी विचारावासा वाटला असेल तर कशामुळे?

---

रोहित्र

माझा आयडी बघा, उत्तर त्यातच आहे.

१९९३. पहिलं वर्ष, पुण्यातलं कॉलेज. सरांनी विचारलं की व्होल्टेज कमी-जास्त करायला काय वापरतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला, उत्तर येत होतं, हात वर केला. "रोहित्र." सगळा वर्ग आडवा. सरांनाही हसू आवरेना. मला वाटलं उत्तर चुकलं. शेजारच्याने वहीच्या कोपऱ्यात 'ट्रान्सफॉर्मर' लिहून दाखवलं, तेव्हा कळलं की उत्तर बरोबर होतं, भाषा चुकली होती. चार वर्षं तेच नाव पडलं. त्यानंतर वर्गात मी हात वर केला तो थेट निरोप समारंभात, वडापाव कोणाला हवाय विचारलं तेव्हा.

पुढे वीज वितरणातच नोकरी लागली. इथे रोज टेबलावर येणाऱ्या अर्जांत 'रोहित्र जळाले आहे', 'रोहित्र बदलून मिळावे'. सगळा महाराष्ट्र तो शब्द वापरतो. तो वर्ग सोडून.

---

स्पष्टवक्ता

धागा भावनिक आहे, पण मूळ मुद्दा सुटतोय. इंजिनिअरिंगची पुस्तकं, डेटाशीट, इंटरव्ह्यू, सगळं इंग्रजीत. मग मुलांना मराठीत प्रश्न विचारायची सवय लावून तुम्ही त्यांचं भलं करताय की नुकसान? एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०२१-२२ पासून मराठीसकट प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. मध्य प्रदेशने २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं काढली. या धाग्यावरच्या किती जणांनी स्वतःच्या मुलाला तिकडे घातलं, ते आधी सांगा.

मीही मराठी माध्यमातलाच. रोज इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायचो, खोलीतले हसायचे. सहा महिन्यांत जमलं. रडगाणं गायलो नाही.

---

गप्प आहे

@स्पष्टवक्ता काका, मी आत्ता मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. इंग्रजी वाचता येतं. लेक्चर समजतं. पुस्तक समजतं. लिहिता पण येतं. विचारता येत नाही. या वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणाला समजावताच येत नाही, कारण ते पण इंग्रजीतच समजवावं लागतं :)

सांगते कसं होतं ते. मॅडम नर्व्हचा रूट सांगत असतात. मला वाटतं, थांबा, हे इथून जातं तर मघाशी त्या मसलला सप्लाय कसा काय झाला? आता वाक्य करायचं. 'मॅम, हाऊ इट...', नाही, 'हाऊ डझ इट', मग पुढे 'सप्लाय' की 'सप्लाईज'? डझ आलं की एस नाही लागत. बरं. तोवर पुढची स्लाइड. आता विचारलं तर मागे जावं लागणार, दीडशे जण वळून बघणार. राहू दे, रात्री बघू. रात्री दहा प्रश्न साठलेले असतात आणि त्यातले सहा आठवत नाहीत.

आणि समजा विचारलंच, तर मॅडम 'पार्डन?' म्हणतात. त्यांना खरंच ऐकू आलेलं नसतं, मागून बोललं की नाहीच येत. पण मला वाटतं माझं इंग्रजी चुकलं. 'पार्डन'नंतर तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारणारी मुलगी मी अजून पाहिली नाही.

नीट २०१७ पासून मराठीतून देता येते. माझ्या रूममेटने तशीच दिली. पण शंका आली तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरायचा, हे नियमातच आहे. ती म्हणते, तिथेच आपल्याला सांगून टाकलेलं असतं की तुझी भाषा चालेल, पण भांडण झालं तर चालणार नाही.

---

भाकरवडी

'पार्डन' वाचून पोटात गोळा आला. माझ्या एम. कॉम.ला अगदी हेच.

---

रिकामटेकडा

सगळ्यांचं वाचलं. एक वाकडा प्रश्न. ही मुलं मराठी शाळेत होती, तेव्हा मराठीत प्रश्न विचारत होती का? आमच्या शाळेत तर नाही बुवा. 'सर, असं का?' म्हटलं की 'फार शहाणा झालास' आणि खडूचा तुकडा थेट कपाळावर. पाहुण्यांसमोर तोंड उघडलं की 'आगाऊपणा करू नकोस'. आपल्याकडे गप्प बसणारं पोर गुणी. तेव्हा एक कुलूप आधीच लागलेलं होतं, इंग्रजीने त्यावर दुसरं लावलं. दुसरं काढलं म्हणजे दार उघडेल, हा भ्रम आहे.

---

चौथा बाक

@रिकामटेकडा, वाकडा नाही, बरोबर प्रश्न आहे, आणि मी तो टाळला होता. पण मग तो पोरगा मामांना कसं विचारतो? तिथे कुठलंच कुलूप दिसलं नाही. 'उलटं कसं काय दाखवतंय' म्हणून चक्क वाद घालत होता.

@स्पष्टवक्ता, इंग्रजी यायला हवं याबद्दल दुमत नाही. पण तुम्ही सहा महिने पेपर मोठ्याने वाचून भाषा शिकलात. त्या सहा महिन्यांत वर्गात जे शिकवून झालं, त्याचे डाऊट कोणाला विचारलेत?

---

स्पष्टवक्ता

एक सीनियर होता. सांगलीचा.

मराठीत विचारायचो. ठीक आहे, मुद्दा पोचला.

---

ऱ्हाइनकाठ

दादरला इंग्रजी माध्यमात शिकले, त्यामुळे या धाग्यावर मी बोलणं बरोबर नाही असं वाटत होतं. तरी लिहिते.

माझ्या कॉलेजात कोल्हापूर-साताऱ्याकडच्या चार-पाच मुली होत्या. शेवटून दुसऱ्या बाकावर एकत्र बसायच्या. एकमेकींत अखंड बोलणं, वर्गात शब्द नाही. आम्ही त्यांना 'ढ' म्हणायचो. तोंडावर नाही, पण त्यांना कळत असणारच.

मग जर्मनीला आले. कोर्स इंग्रजीत होता, पण एक विषय जर्मनमध्ये घेतला, भाषेची बी-टू पातळी झाली होती म्हणून हौसेने. प्राध्यापकांना भेटायची ठरलेली वेळ असते, श्प्रेखश्टुंडं म्हणतात. चारदा त्या दारापर्यंत जाऊन आले. आतून एक मुलगा त्यांच्याशी हसत बोलताना ऐकू यायचा. मी कागदावर प्रश्न लिहून नेलेला, क्रियापद शेवटी आहे ना हे तीनदा तपासलेलं. तरी परत फिरायचे. कारण प्रश्न पाठ होता, पण त्यांनी उलट काही विचारलं तर त्याचं उत्तर पाठ नव्हतं.

चौथ्यांदा परत येताना ट्राममध्ये त्या मुली आठवल्या. त्यातल्या एकीचं आडनावही आता आठवत नाही.

---

सातपुडा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. सगळे इंग्रजीला बोल लावत आहेत. आता माझी बाजू ऐका. मी मेळघाटात आश्रमशाळेत शिक्षक आहे. माझ्या वर्गातल्या मुलांची भाषा कोरकू. आणि त्यांच्यासाठी तुमची 'इंग्लिश' म्हणजे माझी मराठी.

अमरावतीहून इथे आलो, तेव्हा वाटलं कोरकू म्हणजे मराठीचीच एखादी बोली असेल, वऱ्हाडीसारखी. तसं अजिबात नाही. ती मुंडा कुळातली भाषा आहे, नातं सांगायचं तर तिकडे झारखंडातल्या संथाळी-मुंडारीशी. मराठीशी रक्ताचं नातं नाही. सहा वर्षांचं पोर घर सोडून वसतिगृहात येतं आणि पहिल्या दिवसापासून सगळं मराठीत.

पहिलं वर्षभर मी रोज विचारायचो, "समजलं का?" आणि वर्ग एका सुरात, "होऽ सर!" छान वाटायचं. मग दिवाळीच्या आसपास एका मुलीला दोन दिवस ताप होता आणि मला माहीतच नव्हतं. तिला विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "हो सर." पुन्हा विचारलं. "हो सर." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की या वर्गाला मराठीतलं हे एकच वाक्य पक्कं येतं, आणि ते मीच शिकवलंय. गणितातली अडचण सोडा, ताप आलाय हे सांगायला भाषा नव्हती.

राज्यघटनेचा ३५०-अ अनुच्छेद सांगतो की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळेल अशी सोय असावी. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही तेच सांगतो, फक्त 'शक्यतोवर' जोडून. त्या 'शक्यतोवर'वर आमची सगळी वर्षं निघून जातात.

मी काय केलं ते सांगतो, मोठं काही नाही. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाई कोरकू आहेत. त्यांच्याकडून कामापुरते शब्द घेतले. दुखतंय, भूक, भीती वाटते, परत सांग. पाण्याला 'डा' म्हणतात. पहिल्यांदा वर्गात मी कोरकूत बोललो तर मुलं लोटपोट हसली, माझा उच्चार ऐकून. ते हसणं फार कामाचं ठरलं. मास्तर चुकतो हे त्यांनी पाहिलं. त्या आठवड्यात एका मुलाने मला येऊन चक्क सांगितलं की फळ्यावरचं चुकलंय. खरंच चुकलं होतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूकडे आदिवासी मुलांसाठी काम करताना कुरणशाळा काढली, म्हणजे मुलं गुरं चारतात तिथेच शाळा न्यायची. आपण शिक्षक होताना हे परीक्षेपुरतं वाचतो. शाळा कुरणात न्यायची तर भाषाही कुरणातली न्यावी लागते, हे त्या उत्तरात कुणी लिहीत नाही.

---

खान्देशी मिरची

@सातपुडा सर, दंडवत.

थोडं अवांतर. 'मराठीत विचारा' म्हटलं तरी कुठली मराठी? मी धुळ्याची. घरी अहिराणी. पुण्यात अकरावीला पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, कोणाला जर्नल मिळालं नाही? मी उभी राहून म्हटलं, "माले नही मियनं." घाईत तोंडातून तेच निघालं. बाई हसल्या नाहीत हं, त्या चांगल्या होत्या. फक्त म्हणाल्या, "नीट बोल बरं." मी नीट बोलणं शिकले. दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत काहीच विचारलं नाही.

मामांना विचारणं सोपं का, याचं उत्तर मला यात दिसतं. मामा 'नीट बोल' म्हणणार नाहीत.

---

माजी मास्तर

मी निवृत्त आहे, पॉलिटेक्निकला ३१ वर्षं काढली. कोणी बोलत नाही ते बोलून टाकतो. आम्हा शिक्षकांपैकी पुष्कळांचं इंग्रजी बेताचंच असतं. नोट्समधून वाचतो तोवर ठीक. मुलाने मध्येच काही विचारलं तर उत्तर तिथल्या तिथे इंग्रजीत जुळवावं लागतं, आणि ते जुळत नाही. म्हणून मी 'एनी डाऊट्स?' म्हणायचो आणि त्याच दमात डस्टर उचलायचो. दोन सेकंदसुद्धा थांबत नव्हतो. मुलांना तो डस्टर बरोबर कळायचा.

म्हणजे वर्गात ७० जण नाही, ७१ जण घाबरलेले असतात.

---

गप्प आहे

माजी मास्तर काका, हे आमच्या कुठल्याच सरांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

---

चौथा बाक

@माजी मास्तर, तुम्ही माझ्याबद्दल लिहिलंय. डस्टरसकट. मी मूळ धाग्यात ते लिहायला धजलो नाही. वर्गात इंग्रजीच बोलायची सूचना आहे, हे खरं. पण ती मला सोयीचीही आहे, हेही तितकंच खरं.

तीन गुरुवार झाले, काय झालं ते सांगतो.

पहिल्या गुरुवारी वर्गात जाहीर केलं, "डाऊट मराठीत विचारा, बिनधास्त." साफ फसलं. एक तर कोणी आलं नाही. वर, वर्गात दोन मुलं तेलंगणाच्या बाजूची आणि एक बिहारचा आहे, त्यांची तोंडं पडली. त्यांच्याही घरची भाषा वर्गात नाहीच. मी वर आणखी एक दार लावलं. नंतर त्या बिहारच्या मुलाला बोलावून म्हटलं, तू हिंदीत विचार, माझी हिंदी मोडकी आहे, तू दुरुस्त कर. तो हसला. आजवर आला नाहीये.

दुसऱ्या गुरुवारी केबिनमध्ये बसायचं सोडलं. डाऊट अवर लॅबमध्ये नेला आणि मामांना शेजारी बसवलं. ठरवलं एवढंच की मुलांनी मामांनाच विचारायचं, नेहमीसारखं. मामांना येईल ते मामा सांगतील, नाही आलं तर मामा मला विचारतील. मामा खूश, म्हणाले, "म्हणजे आता मी पण शिकतो." चार जण आले.

मुलांचा प्रश्न ज्या शब्दांत येईल त्याच शब्दांत फळ्यावर लिहितो आणि खाली तोच इंग्रजीत. 'काटा उलटा का पळतो' आणि त्याखाली वॉटमीटर, निगेटिव्ह रीडिंग वगैरे. परीक्षेत कुठलं वाक्य या प्रश्नाचं आहे, ते त्यांना दिसतं. @स्पष्टवक्ता, यात तुमचं इंग्रजीही आलं.

@रिकामटेकडा, तुमचं पहिलं कुलूप मात्र आहे तिथेच आहे. चारातले तिघे फक्त ऐकायला बसले होते.

विभागप्रमुखांनी विचारलं की डाऊट अवर केबिनऐवजी लॅबमध्ये का, रजिस्टरवर तसं नाही. अजून उत्तर दिलेलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी तो वॉटमीटरवाला आला. त्याला फेजर, म्हणजे व्होल्टेज आणि करंटच्या बाणांची आकृती, काढून दाखवला. व्होल्टेज इथे, करंट इतका मागे पडलेला, रिकाम्या मोटरला हा कोन ६० अंशांच्या पुढे जातो, मग त्या एका मीटरला दिसणारा कोन ९० च्या पलीकडे आणि कोसाइन ऋण. तो बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मीटर खोटं बोलत नाही. दुसऱ्या मीटरनं जास्तीचं मोजलेलं हे परत करायलंय." मी हे असं कधी सांगितलं नव्हतं. मला कोणी असं सांगितलंही नव्हतं.

मग त्याने विचारलं, "सर, फेजला मराठीत काय म्हणतात?" आणि मी अडकलो. @रोहित्र, मदत करा.

---

रोहित्र

कला. दोन कलांमधल्या फरकाला कलांतर.

पण वर्गात फेजच म्हणू द्या त्याला. उगाच चार वर्षं नाव पडायचं.